सावलीकडून आकाराकडे : दाताच्या मुळाचे त्रिमित दर्शन



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर विज्ञान शिकविले, आणि तेही मराठीतून. इंदुरात उंबरठा ओलांडला की हिंदी सुरू होते. अशा शहरात विज्ञानाचा तास मराठीत घेणे म्हणजे रोज थोडी थोडी भाषा घडविणे होते. मी मराठीचा अध्यापक. तेव्हा आज मी संतवाङ्मयावर अथवा नाट्यसंगीतावर बोलेन, अशी संयोजकांची अपेक्षा असावी. ‘दाताच्या मुळाचे त्रिमित चित्रण’ हा विषय मी कळविला, तेव्हा पत्रात लेखनदोष तर राहिला नाही ना, अशी अत्यंत सौजन्याने विचारणा झाली. लेखनदोष नव्हता. विषय हाच आहे आणि तो निवडण्याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण उघड आहे. या सभागृहातील बहुसंख्य श्रोते दंतवैद्याच्या खुर्चीत केव्हा ना केव्हा बसलेले आहेत, आणि उरलेले बसणार आहेत. दाढ राखावी की काढावी, हा निर्णय तेथे पाच-दहा मिनिटांत घ्यावा लागतो. दुसरे कारण माझ्या विषयाशी जोडलेले आहे. हा निर्णय शब्दांच्या आधारे होतो. वैद्य काही सांगतो, आपण त्यातील काही समजतो आणि मान डोलावतो. शब्द न समजता डोलावलेल्या मानेला संमती म्हणता येणार नाही.

प्रथम एका शब्दाचीच गोष्ट घेऊ. आपण सर्रास म्हणतो, ‘माझे रूट कॅनाल झाले.’ वस्तुतः रूट कॅनाल हे उपचाराचे नाव नाही. ते दाताच्या एका अवयवाचे नाव आहे. रूट म्हणजे मूळ आणि कॅनाल म्हणजे त्यातून जाणारी नळी. या मूलनलिका प्रत्येक दातात जन्मजात असतात. ‘माझे अपेंडिक्स झाले’ असे म्हणावे, तसाच हा प्रकार आहे. बोलीत हे चालते, त्याबद्दल तक्रार नाही; पण त्याचा एक परिणाम होतो. रूट कॅनाल म्हणजे एक उपचार, अशी ज्याची समजूत आहे, तो कधीही विचारणार नाही की, ‘डॉक्टर, माझ्या या दाढेत नलिका किती? आपल्याला किती सापडल्या?’ आणि माझ्या मते रुग्णाने विचारावा असा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तोच आहे.

तो का, हे समजण्यासाठी दाताच्या पोटात शिरावे लागेल. दातावर सर्वांत बाहेर एनॅमलचे कवच, त्याखाली डेंटिन, आणि डेंटिनच्या आत एक पोकळी. त्या पोकळीत मऊ गर असतो; त्यात रक्तवाहिन्या आणि चेतातंतू असतात. हाच गर मुळांतील नलिकांतून खाली उतरतो आणि मुळाच्या टोकाशी असलेल्या सूक्ष्म छिद्रातून जबड्याच्या हाडाशी संबंध राखतो. कीड खोल गेली की जंतू या गरात पोहोचतात. गर मरतो, नलिका जंतूंचे घर होते आणि त्यांचा उपद्रव टोकाच्या छिद्रातून हाडापर्यंत जातो. तेथे हाड विरघळू लागते. १९६५ साली अमेरिकेत काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झजेराल्ड यांनी उंदरांवर एक साधा पण निर्णायक प्रयोग केला. त्यांनी उंदरांच्या दातांतील गर उघडा पाडला. सर्वसाधारण उंदरांमध्ये तो सडून गेला. जन्मापासून निर्जंतुक वातावरणात वाढविलेल्या उंदरांमध्ये मात्र ती जखम आपोआप भरून आली. मूळ शत्रू जंतू होय, हे त्यावरून सिद्ध झाले. म्हणून उपचार असा की सर्व नलिका शोधावयाच्या, टोकापर्यंत स्वच्छ करावयाच्या आणि घट्ट बंद करावयाच्या. एक जरी नलिका राहिली, तरी शत्रूचा एक बुरूज शाबूत राहिला असे समजावे.

नलिका सरळ नळीसारख्या असत्या, तर आजच्या व्याख्यानाची गरज नव्हती. झुरिचच्या वॉल्टर हेस यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी काढलेल्या दातांत रबर भरून, भोवतालचा दात विरघळवून, आतील पोकळीचे साचे तयार केले. ते साचे पाहिले की झाडाची मुळे आठवतात : फाटे, पुन्हा एकत्र येणे, आडव्या जोडवाटा, पट्टीसारखे चपटे भाग. वरच्या पहिल्या दाढेचे उदाहरण घ्या. तिला बहुधा तीन मुळे असतात. म्हणून नलिकाही तीनच, असे आपण धरून चालतो. पण गालाकडील पुढच्या मुळात बहुधा आणखी एक, अत्यंत अरुंद अशी चौथी नलिका असते. निम्म्याहून अधिक दाढांत ती आढळते. खालच्या दुसऱ्या दाढेत काही लोकांमध्ये नलिकांचा छेद इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखा वळलेला असतो; पूर्व आशियातील लोकांत हा प्रकार विशेष. निसर्गाने दाताचा एकच नकाशा सर्वांना वाटलेला नाही.

आता प्रश्न असा की, हे सारे हाडाच्या आड, तांदळाच्या दाण्याहून बारीक जागेत असताना वैद्याला दिसावे कसे?

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबुर्ग येथे विल्हेल्म रॉन्टगेन यांना एका अज्ञात किरणाचा शोध लागला. अज्ञात म्हणून त्यांनी त्याला ‘एक्स’ म्हटले. आपल्या बीजगणितात अज्ञात राशीला ‘क्ष’ म्हणण्याची रीत होती. म्हणून मराठीने त्या किरणांना ‘क्ष-किरण’ म्हटले. हा शब्द मला फार आवडतो. त्यात नुसते भाषांतर नाही, नावामागचा विचारही मराठीत आला आहे. शोधाची वार्ता प्रसिद्ध होताच, जानेवारी १८९६ मध्ये ब्राउनश्वाइग येथील ऑटो वॉकहॉफ या दंतवैद्याने स्वतःच्या दाढांचे क्ष-किरण छायाचित्र घेतले. त्यासाठी त्याला पंचवीस मिनिटे स्तब्ध राहावे लागले. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या एडमंड केल्स यांनी मूलनलिकेत तार ठेवून तिची लांबी क्ष-किरणांनी पाहण्याची युक्ती १८९९ च्या सुमारास योजली. ती आजही वापरात आहे. त्या काळी यंत्र जुळविण्यासाठी ते स्वतःचाच हात किरणांपुढे धरीत. त्याची किंमत त्यांनी प्रथम बोटे आणि पुढे हात गमावून दिली. १९२८ साली त्यांनी जीवनयात्रा संपविली. हे किरण उपकारक आहेत आणि अपकारकही, हा धडा दंतवैद्यकाने असा घेतला. पुढे त्याचा उल्लेख पुन्हा येईल.

क्ष-किरणांचे साधे चित्र म्हणजे काय? ती सावली आहे. संध्याकाळी भिंतीवर पडलेल्या सावलीवरून माणसाने हातात एक काठी धरली आहे की एकामागे एक अशा दोन, हे सांगता येत नाही. दाढेची दोन मुळे एकामागे एक आली की त्यांची एकच सावली पडते. वरच्या दाढांवर गालाच्या हाडाची सावली येऊन बसते. दंतवैद्य यावर तोड म्हणून तिरप्या कोनातून दुसरे चित्र घेतात. त्याने बरेच साधते, सर्व साधत नाही. आणखी एक अडचण बेंडर आणि सेल्टझर यांनी १९६१ साली दाखवून दिली. जबड्याचे हाड बाहेरून टणक आणि आतून जाळीदार असते. जाळीदार भागात पोकळी झाली, पण टणक कवच शाबूत राहिले, तर ती साध्या चित्रात उमटतच नाही. म्हणजे चित्र ‘स्वच्छ’ असणे आणि हाड निरोगी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

येथे स्वानुभवाचे दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी परगावी माझ्या वरच्या डाव्या दाढेवर उपचार झाले. पुढे वर्षभर त्या बाजूने चावताना ठणका लागे. तीन वेळा चित्र काढले आणि तिन्ही वेळा ‘चित्रात काही नाही’ असे उत्तर मिळाले. अखेर दाढ काढण्याचा सल्ला मिळाला. दुसऱ्या एका तरुण वैद्याने काढण्यापूर्वी त्रिमित चित्रण करून घ्यावयास सांगितले. त्यात चौथी नलिका स्पष्ट दिसली. ती कोणी उघडलीच नव्हती. आज ती दाढ माझ्या तोंडात आहे. ही फुशारकी नव्हे. एका दाढेवरून सिद्धान्त काढू नये, हे मीही जाणतो. पण या विषयाकडे मी वळलो तो त्यामुळे.

त्रिमित चित्रणाचा पाया गणितात आहे. एखाद्या वस्तूच्या सर्व बाजूंनी घेतलेल्या छायांवरून ती वस्तू पुन्हा उभी करता येते, असे ऑस्ट्रियन गणितज्ञ योहान राडोन यांनी १९१७ साली सिद्ध केले. त्यांच्यासमोर कोणताही रुग्ण नव्हता. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले अॅलन कॉरमॅक आणि इंग्लंडमधील गॉडफ्रे हौन्सफील्ड यांनी स्वतंत्रपणे त्याच दिशेने काम केले आणि १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात एका स्त्रीच्या मेंदूचे पहिले सी. टी. स्कॅन झाले. १९७९ साली त्या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु हे यंत्र दातासाठी फार मोठे, महाग आणि किरणांच्या बाबतीत उधळे होते. १९८४ साली फेल्डकॅम्प, डेव्हिस आणि क्रेस या तिघांनी शंकूच्या आकाराच्या किरणझोतापासून थेट त्रिमित आकार काढण्याची व्यवहार्य गणनापद्धती प्रसिद्ध केली. गंमत अशी की हे तिघे फोर्ड या मोटारकंपनीच्या संशोधनशाळेत काम करीत होते. तिच्या आधारावर दातांसाठीची यंत्रे आली : इटलीतील व्हेरोना येथील यंत्राचे निष्कर्ष १९९८ मध्ये आणि जपानमधील अराई व त्यांच्या सहकाऱ्यांचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांना ‘कोन बीम सी. टी.’ म्हणतात. मी आपल्यापुरते ‘शंकुझोत चित्रण’ म्हणतो.

त्याची रीत सोपी आहे. रुग्ण बसतो अथवा उभा राहतो. एका बाजूला किरणांचा उगम, दुसऱ्या बाजूला ग्राहकपट्टी; ही जोडी डोक्याभोवती एक फेरी घेते. दहा ते चाळीस सेकंदांत काम संपते. त्या फेरीत शेकडो सावल्या टिपल्या जातात आणि संगणक त्यांतून जबड्याचा त्या भागाचा घन आकार मांडतो. हा घन सूक्ष्म चौकोनी ठोकळ्यांचा बनलेला असतो. एकेका ठोकळ्याची बाजू मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढी असू शकते, आणि तिन्ही दिशांना सारखीच. म्हणून वैद्य पडद्यावर दाढ वाटेल त्या दिशेने कापून पाहतो. एकेका थराने तो मुळाच्या टोकापर्यंत उतरतो.

याने काय साधते? राहिलेली नलिका सापडते. वयपरत्वे बुजत गेलेली नलिका कोठवर आहे हे कळते. दात आतून झिजतो आहे की बाहेरून, हे कळते. दोहोंचे उपचार वेगळे आहेत. एकाच बाजूचे नाक चोंदते, गाल जड होतो, अशा काही रुग्णांत विकाराचे मूळ वरच्या दाढेत असते. दाढेचे टोक आणि गालाच्या हाडातील पोकळी यांचा संबंध या चित्रात दिसतो. खालच्या जबड्यात शस्त्रक्रिया करताना ओठाला संवेदना देणारी चेता किती अंतरावर आहे, हे मोजता येते. अलीकडच्या काळात याच चित्रावरून संगणकाने साचा छापून, बुजलेल्या नलिकेपर्यंत हत्यार अचूक कोनात नेण्याचीही पद्धत आली आहे.

येथे एक जुनी भीती दूर करून टाकतो. वरची दाढ काढली की डोळा जातो, असे आपल्याकडे अद्याप म्हणतात. दाढेला चेता देणारी वाट वेगळी आणि दृष्टीची चेता वेगळी. दाढ काढल्याने दृष्टी जात नाही. इंदुरात दवाखान्यात ‘नस का इलाज’ असे म्हणतात, त्यामुळे ही भीती अधिक पोसली जाते. ‘नस’ म्हटले की माणूस घाबरतो आणि उपचार टाळून अखेर दाढ गमावतो. शब्द चुकला की दाढही जाते, ती अशी.

तथापि नव्या यंत्राचे स्तोत्र गाण्यासाठी मी उभा नाही. त्याच्या मर्यादा तितक्याच ठळकपणे सांगितल्या पाहिजेत. धातूची टोपी, खिळा किंवा नलिकेतील जुने भरण असले की चित्रात चरे आणि काळे पट्टे उमटतात. त्यात खोटी भेग दिसू शकते आणि खरी लपू शकते. मुळाला गेलेली केसाएवढी उभी चीर या चित्रातही खात्रीने दिसतेच असे नाही. रुग्ण हलला की चित्र बिघडते. दातातील गर जिवंत आहे की मेला, हे कोणतेही चित्र सांगत नाही. त्यासाठी थंड पदार्थ लावून पाहणे, टकटक करून पाहणे आणि रुग्णाचे म्हणणे नीट ऐकणे, या जुन्याच गोष्टी लागतात. मुळाशी दिसणारी काळी जागा रोगाची आहे की उपचारानंतर भरत चाललेल्या जखमेची, हेही कधी कधी काळच ठरवितो. उत्तम प्रतीची हस्तलिखिते हाती असूनही अर्थ चुकीचा लावणारे संपादक मी पाहिले आहेत. चित्र म्हणजे पाठ. अर्थ लावणारा वेगळाच.

आणि आता किरणांचा हिशोब. निसर्गतःच, जमिनीतून आणि आकाशातून, प्रत्येक माणसाला जगाच्या सरासरीने वर्षाकाठी सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट, म्हणजे २४०० मायक्रोसीव्हर्ट, इतका किरणांश मिळतो. दिवसाला साधारण सहा ते सात. एका दाताच्या साध्या चित्राचा किरणांश बहुधा दहा मायक्रोसीव्हर्टच्या आत असतो. दोन-चार दातांपुरत्या शंकुझोत चित्रणाचा काही दशकांपासून शंभराच्या आसपास, यंत्रावर आणि मांडणीवर अवलंबून. संपूर्ण चेहऱ्याचे चित्रण केले तर तो कित्येक शेकडा होऊ शकतो, आणि डोक्याच्या मोठ्या सी. टी. स्कॅनचा दोन हजारांच्या घरात जातो. म्हणजे घाबरून नकार द्यावा असा हा आकडा नाही; पण ‘सर्वांचे करून टाका’ म्हणावे असाही नाही. लहान मुलांच्या बाबतीत तर अधिक जपले पाहिजे, कारण वाढत्या पेशी किरणांना अधिक संवेदनशील असतात. अमेरिकेतील मूलनलिकातज्ज्ञ आणि मुखक्ष-किरणतज्ज्ञ यांच्या संघटनांनी २०१५ मध्ये आपले संयुक्त निवेदन सुधारून प्रसिद्ध केले. त्याचे सार असे की, साधे चित्र आणि तपासणी यांनी प्रश्न सुटत नसेल, तेव्हाच हे चित्रण करावे आणि क्षेत्र शक्य तितके लहान ठेवावे. लक्षणे नसताना सरसकट चाळणीसाठी ते वापरू नये. आपल्याकडे क्ष-किरण यंत्रांवर १९८३ साली स्थापन झालेल्या परमाणू ऊर्जा नियामक परिषदेचे नियंत्रण आहे. केल्स यांच्या बोटांनी दिलेला धडा आज असा नियमबद्ध झाला आहे.

मित्रहो, आता मूळ मुद्द्यावर येतो. हे चित्रण साध्या चित्राहून महाग आहे आणि प्रत्येक गावी उपलब्ध नाही. त्यामुळे एकीकडे, ज्याला त्याची खरी गरज आहे त्याची दाढ चित्रणाविना काढली जाते. दुसरीकडे, ज्याला गरज नाही त्याच्याकडून ते करवून घेतले जाते. या दोहोंमध्ये रुग्णाजवळ एकच साधन आहे : योग्य प्रश्न. ते मी येथे नमूद करतो. या दाढेत नलिका किती, आणि किती सापडल्या? साध्या चित्राने जे कळले नाही, ते काय आहे? त्रिमित चित्रणाने आपला निर्णय बदलू शकेल काय? क्षेत्र किती दातांपुरते घेणार? आणि चित्र पाहून अहवाल कोण देणार? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आले, तर चित्रण करण्याचे कारण उरत नाही. चांगला वैद्य या प्रश्नांनी रागावत नाही. उलट, त्याचे काम सोपे होते.

हे प्रश्न मराठीत विचारता आले पाहिजेत, आणि यासाठी भाषा आपल्याजवळ आहे. सुश्रुतसंहितेत मुखरोग पासष्ट सांगितले आहेत. त्यांपैकी पंधरा दंतमूलाचे आणि आठ दातांचे. दंतमूलाच्या रोगांत पाच प्रकारच्या ‘नाडी’ आहेत, म्हणजे पू वाहून नेणाऱ्या वाटा. मुळाशी साचलेला विकार वाट काढून बाहेर येतो, हे निरीक्षण त्या शब्दात आहे. प्राचीनांना क्ष-किरण ठाऊक होते, असे मला मुळीच सुचवावयाचे नाही. असले दावे आपल्या पूर्वजांचा मान वाढवीत नाहीत. सांगावयाचे इतकेच की, जे पाहिले त्याला नेमके नाव देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. ‘मूलनलिका’, ‘गर’, ‘त्रिमित चित्रण’ हे शब्द जड वाटत असतील, तर ‘मुळातली नळी’ म्हणा. ‘रूट कॅनाल’ हाच शब्द ठेवावयाचा तर तोही ठेवा, मात्र तो अवयव आहे हे ध्यानात ठेवून. माझा आग्रह शब्दाच्या कुळाबद्दल नाही, त्याच्या अर्थाबद्दल आहे.

या शाळेतून बाहेर पडलेल्यांत काही जण वैद्यकात असतील. त्यांना एक विनंती. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव येथील मराठी वृद्ध आपल्यासमोर येतात, तेव्हा ते संमतिपत्रावर सही करतात. त्यावरील मजकूर बहुधा इंग्रजीत असतो. सही घेण्यापूर्वी पाच मिनिटे त्यांच्या भाषेत बोला. पडदा त्यांच्याकडे वळवा आणि त्यांची दाढ त्यांना दाखवा. आपल्या शरीराचा एक भाग आपण प्रथमच, सर्व बाजूंनी, पाहत आहोत, हे कळल्यावर माणूस शांत होतो आणि विचारपूर्वक होकार अथवा नकार देतो. गुरुजी वर्गात नेमके हेच करीत. विद्यार्थ्याला सूत्र पाठ करावयास लावण्यापूर्वी ते वस्तू त्याच्या हाती देत.

  आपले दात आपल्यापाशी राहोत, एवढी सदिच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.